बॉयलर बदलण्याआधी घर मोजून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मागील महिन्यात एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आले होते. ते हिवाळ्यात लेकीकडे इंग्लंडला राहून आले. जावयाने गॅसचा बॉयलर काढून विजेवर घर तापवणारा हीट पंप बसवला होता, रेडिएटर कधी धड तापले नाहीत, घरात शाल पांघरून बसावे लागले. तेव्हा तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनी या फंदात पडू नये, असे त्यांनी कळकळीने लिहिले आहे. त्यांना त्रास झाला याविषयी मला शंका नाही. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि तो वाचून इकडची, इंग्लंडमधली, चार घरे भलताच निर्णय घेतील असे वाटल्यामुळे हे पत्र लिहिते आहे.

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन लेस्टरला आले आणि इथलीच झाले. आमचे घर १९३०च्या दशकातले, एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेले, खाली दोन आणि वर तीन खोल्या. इथल्या बहुतेक घरांसारखा आमच्याही स्वयंपाकघरात भिंतीवर गॅसचा बॉयलर होता. तो पाणी तापवतो, ते पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरते आणि घर ऊबदार राहते. नळाचे गरम पाणीही तोच देतो. आमचा बॉयलर पार म्हातारा झाला होता. सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा बदलायचे ठरले.

पहिला फिटर आला तो थेट स्वयंपाकघरात गेला, जुन्या बॉयलरवरचे लेबल वाचले, रेडिएटर किती आहेत एवढे विचारले आणि तीस किलोवॅटच्या नव्या बॉयलरचा भाव सांगून निघाला. वरच्या खोल्यांत त्याने पाऊल टाकले नाही. भिंती कशा आहेत, पोटमाळ्यावर इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरून ठेवणारा जाड थर, आहे की नाही, खिडक्यांना दुपदरी काच आहे का, यातले काही विचारले नाही. हीट पंपाचा विषय काढला तर "जुन्या घरात चालत नाही" एवढेच उत्तर. ही पद्धत फार रूढ आहे आणि माझा खरा आक्षेप तिच्यावर आहे. जुने यंत्र पाहून नवे यंत्र ठरवले जाते, घर कोणी पाहतच नाही.

तीस किलोवॅट कशाला लागतात? शॉवरला. नळ सोडला की वाहते पाणी तिथल्या तिथे तापवायचे तर मिनिटाला बारा लिटर पाणी दहा अंशांवरून चाळीसवर न्यायला पंचवीसेक किलोवॅट लागतात. घर ऊबदार ठेवायला त्याच्या पाव भागही लागत नाही. हे ज्याला त्याला आपल्या घरापुरते काढता येते. आमच्या ह्यांनी एका कडाक्याच्या दिवशी, बाहेर शून्याच्या आसपास असताना, गॅस मीटरचा आकडा सकाळी टिपला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा टिपला. फरक तेरा घनमीटर. एका घनमीटरमधून अकरा युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा मिळते, म्हणजे साधारण १४५ युनिट. जुन्या बॉयलरमध्ये शंभरातले पंचाऐंशीच कामी येतात असे धरले तर १२३. त्याला चोवीसने भागा: पाच किलोवॅटच्या थोडे वर. त्यातही अंघोळीचे पाणी आणि स्वयंपाक आलाच. बाहेर उणे तीन झाले तरी आमच्या घराला सहा किलोवॅट पुरतात, आणि फिटर विकत होता तीस.

दुसरी तपासणी करायला एक तरुण मुलगी आली. तिने बाहेर उभे राहून आधी भिंत पाहिली. विटांची फक्त लांब बाजू दिसत असेल तर सहसा दोन भिंती आणि मधे पोकळी असते. एक विट लांब, एक आखूड अशी रांग दिसली तर भिंत भरीव, आणि भरीव भिंतीतून उष्णता कितीतरी जास्त जाते. आमची निघाली पोकळ. मग ती पोटमाळ्यावर चढली, इन्सुलेशनच्या लोकरीसारख्या थरात पट्टी खुपसून जाडी मोजली, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी-उंची घेतली, प्रत्येक रेडिएटर मोजला. अर्धा दिवस गेला. आठवड्याने खोलीवार तक्ता आला: बैठकीच्या खोलीतून इतके वॅट जातात, तिथला रेडिएटर इतके देतो, कमी पडतात इतके. फक्त दोन खोल्यांत कमी पडत होते. तिथले एका पत्र्याचे जुने रेडिएटर काढून दोन पत्र्यांचे बसवले, पोटमाळ्यावरचे इन्सुलेशन वाढवले आणि सहा किलोवॅटचा हीट पंप घेतला.

आता त्या वाचकांच्या तक्रारीकडे येते. हीट पंप म्हणजे आपल्या घरातला एसी उलटा चालवणे. बाहेरच्या थंड हवेतही उष्णता असते, ती ओढून आत आणायची. विजेचे एक युनिट खर्चून तीन-चार युनिट उष्णता मिळते ती म्हणूनच. कल्पना आजकालची नाही. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखल्या गेलेल्या विल्यम थॉमसन यांनी ती १८५२ साली मांडली होती. नॉर्वेत निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहेत आणि तिथली थंडी इंग्लंडपेक्षा खूपच कडक. त्यामुळे "थंडीत चालत नाही" हे म्हणणे टिकत नाही.

परंतु यंत्राचा स्वभाव वेगळा आहे. गॅसचा बॉयलर सत्तर अंशांचे पाणी सोडतो, रेडिएटरला हात लावला तर चटका बसतो. हीट पंप पस्तीस ते पंचेचाळीस अंशांवर काटकसरीने चालतो. तेव्हा रेडिएटर तळहाताला कोमटच लागतो, आणि पाहुण्यांना वाटते बंद पडलाय. माझ्या भावालाही तेच वाटले होते. मी त्याला रेडिएटर सोडून थर्मामीटर पाहायला सांगितले, तर खोली वीस अंशांवर होती. बाहेर शून्य ते तीन अंश आणि दमट हवा असली की बाहेरच्या यंत्रावर हिम धरते, ते वितळवायला ते थोडा वेळ उलटे फिरते आणि त्यातून वाफेचा लोट निघतो. तो बिघाड नव्हे.

दुसरे असे की सगळे कामावर गेले म्हणून दिवसभर बंद ठेवून संध्याकाळी सहाला लावले तर कोमट पाणी गार पडलेले घर तासाभरात तापवू शकत नाही. तो मंद आचेवर सतत चालू ठेवायचा असतो. त्या लेकीच्या घरी नेमके काय झाले हे मी इथून सांगू शकत नाही. खोली अठराच्या खाली राहत असेल, तर मात्र पाण्याचे तापमान किंवा रेडिएटरचा आकार यातले काहीतरी नक्की चुकले आहे आणि बसवणाऱ्याला परत बोलावलेच पाहिजे. सरकारी अनुदानातून हीट पंप बसवणाऱ्याकडे एमसीएस हे कामाच्या दर्जाचे प्रमाणपत्र असावे लागते आणि तो ग्राहकसंरक्षणाच्या एका मान्यताप्राप्त संस्थेचा सदस्य असावा लागतो. तिथे दाद मागता येते. गप्प बसून शाल पांघरायचे कारण नाही.

खर्चाचेही स्पष्ट बोलायला हवे, कारण इथे विक्रेते सोयीचे तेवढेच सांगतात. ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या साधारण चौपट भावाने पडते. म्हणून एका युनिटात तीनच युनिट उष्णता मिळाली तर हीट पंपाचे बिल चांगल्या बॉयलरपेक्षा जास्त येते. साडेतीनच्या आसपास बरोबरी होते, चारला बचत सुरू होते. आणि तीन मिळणार की चार, हे पाणी किती अंशांवर फिरते यावर ठरते. पंचावन्न अंश लागत असतील तर पैसे वाया, चाळीस पुरत असतील तर उत्तम. मोठ्या रेडिएटरचा आग्रह त्यासाठीच. स्वयंपाकही इंडक्शनवर नेऊन गॅसची जोडणीच काढून टाकली तर तिचा रोजचा स्थिर आकार वाचतो. आम्ही तेही केले. भाकरीसाठी मात्र मला नवा तवा घ्यावा लागला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार हीट पंपासाठी ७,५०० पौंड अनुदान देते. २०२२ साली योजना सुरू झाली तेव्हा ते ५,००० होते, ऑक्टोबर २०२३ पासून वाढले. बसवणाराच ते ऑफजेम या नियामकाकडून घेतो आणि आपल्या बिलातून वजा करतो, आपल्याला हात पसरावे लागत नाहीत. व्हॅटही मार्च २०२७पर्यंत शून्य आहे. स्कॉटलंडची योजना वेगळी. "सरकार फुकट देतेय, आजच सही करा" म्हणत दारावर येणाऱ्यांपासून सावध राहा. आमच्या भागात ते आपल्याच भाषांत गोड बोलतात, आणि नवी आलेली कुटुंबे त्यांना बळी पडतात याचे मला फार वाईट वाटते.

सगळ्यांनी हीट पंपच घ्यावा असे माझे म्हणणे नाही. फ्लॅटमध्ये बाहेरचे यंत्र ठेवायला जागा नसते, इमारतीच्या मालकाची परवानगी लागते. हीट पंपाला गरम पाण्याची टाकी लागते आणि ती ठेवायला कपाटाएवढी जागा हवी. भरीव भिंतींचे जुने चाळवजा घर, खिडक्या फटीफटींच्या आणि हाताशी पैसा नाही, अशांनी आधी पोटमाळा आणि फटी बुजवाव्यात, गरज पडली तर गॅसचाच बॉयलर घ्यावा. फक्त तो पंचावन्नच्या आसपास चालवावा. गॅस जळून निघणाऱ्या वाफेतली उष्णता तो तेव्हाच नीट परत मिळवतो आणि गॅस वाचतो. "पुढे हायड्रोजनवर चालेल" म्हणून जादा पैसे कोणी मागितले तर देऊ नका. एल्समेअर पोर्टजवळच्या व्हिटबीत आणि रेडकारमध्ये घरांना हायड्रोजन पुरवण्याचे प्रयोग व्हायचे होते, ते दोन्ही २०२३ सालीच गुंडाळले गेले.

एक चाचणी मात्र प्रत्येकाने करावी, तिला एक पैसाही लागत नाही. कडाक्याच्या थंडीच्या आठवड्यात सध्याच्या बॉयलरचे पाणी पन्नास अंशांवर आणा आणि तो दिवसभर चालू ठेवा. घर ऊबदार राहिले तर तुमचे घर हीट पंपाला तयार आहे. एखादीच खोली गार पडली तर तिथला रेडिएटर बदला.

ही चाचणी बॉयलर धडधाकट असतानाच करता येते. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचा बॉयलर जानेवारीत बंद पडला, घरात तान्हे बाळ. विजेचे हीटर लावून दोन रात्री काढल्या आणि तिसऱ्या दिवशी जो फिटर मिळाला त्याने सांगितले तेथे सही केली. त्यांना कोण दोष देईल? आता पुढची बारा-पंधरा वर्षे घरात गरजेपेक्षा चौपट मोठे यंत्र राहणार. महाराष्ट्रातले कितीतरी आईवडील मुलांच्या इथल्या घरांना पैशांचा हातभार लावतात, "सध्या चालतोय ना, मग राहू दे" असेही सांगतात. त्यांना माझी विनंती आहे: फोनवर मुलांना विचारा, बॉयलर किती वर्षांचा झाला? बारा-तेराच्या पुढे गेला असेल तर या हिवाळ्यात मीटर वाचून ठेवायला सांगा, आणि मे-जूनमध्ये, फिटर मोकळे असतात तेव्हा, दोघातिघांना घरी बोलवायला सांगा. जो खोलीवार तक्ता लेखी देणार नाही, त्याला काम देऊ नका.

आपली,
एक नियमित वाचक
लेस्टर, इंग्लंड