मोठा कॅम, जड ब्रेक

महोदय,
मॉडिफाय केलेल्या गाड्यांवरचा आपला लेख वाचला. आवाजाचं कौतुक झालं, ब्रेकचं राहिलं. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजात पोरं जुन्या अमेरिकन व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांचे व्हिडिओ दाखवून ‘अस्सा कॅमशाफ्ट बसवा’ म्हणतात. कॅमशाफ्ट, म्हणजेच कॅम, हा इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; क्रँकशाफ्ट किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्यावर त्याचं माप. अहो, ३०० अंशांच्या कॅमची ताकद वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना! घोडबंदरला गायमुखच्या चढावर ट्रेलरमागे रांगताना ती कुठे मिळणार? शिवाय व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिनातला व्हॅक्यूम कमी होतो आणि त्याच व्हॅक्यूमच्या मदतीवर चालणाऱ्या बूस्टरवाल्या ब्रेकचं पेडल दगडासारखं लागतं. रोजच्या गाडीला २६०-२७० अंश पुष्कळ झाले. व्हॉल्व्हचे स्प्रिंगही कॅमला जुळणारेच हवेत. ‘पण आवाज?’ म्हणाल, तर तो शेजाऱ्यांना विचारा. पुढच्या लेखात ब्रेकबद्दल चार ओळी जरूर छापा.

– एक गॅरेजवाला, ठाणे (प.)