तीन अक्षरांची संगीन

कोलंबस, ओहायो

प्रिय सुध्या,

परवा फोनवर अर्धवट राहिलेली गोष्ट आज लिहूनच काढतो. ती तुलाच सांगायची होती.

इथल्या जुन्या बाजारात गॅरंड रायफलची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी बंदुकीची, संगीन मिळाली. दहा इंची पातं, प्लास्टिकची मूठ, चिठ्ठीवर नुसतं 'एम १', म्हणजे दहा इंची संगिनीच्या नमुन्याचं नाव. घरी आणून मुठीलगतचा बिनधारेचा भाग पाहिला. तिथे पेटता बॉम्बगोळा, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या शस्त्रखात्याची खूण, 'यूएस' आणि तीन अक्षरं. एफ, एच स्पष्ट होती. पहिलं गंजानं खाल्लेलं. ए की यू?

एएफएच असेल तर अमेरिकन फोर्क अँड हो, यूएफएच असेल तर युनियन फोर्क अँड हो. दोन्ही शेती-बागेची अवजारं करणाऱ्या कंपन्या रे! 1942 साली संगिनींची नड आली तेव्हा सरकारनं अशाच कारखान्यांना कामाला लावलं. ओनायडा तर जेवणाचे काटे-चमचे करायची. संगिनीवर 'ओएल' असेल तर ती तिची.

पॉलिशपेपर लावला नाही. अक्षरं उथळ असतात, एकदा घासली की गेलीच. तेलाचं बोट, मऊ फडकं, आणि रात्री दिवे घालवून बॅटरी पात्याला अगदी आडवी धरली. सावली पडली. अक्षराला खालून गोलाई होती, मधली आडवी रेघ नव्हती. यू! युनियन फोर्क अँड हो याच कोलंबसची. मी गॅलरीत येऊन उभाच राहिलो थोडा वेळ.

त्याच उजेडात 1942 दिसलं आणि चिठ्ठी चुकीची ठरली. नव्यानं घडवलेल्या एम १ वर साल नसतं. ही मुळात सोळा इंची, 1905 च्या नमुन्याची. 1943 मध्ये दहा इंची लांबी ठरल्यावर जुन्या संगिनी छाटून आखूड केल्या, त्यातली. पात्यावरची पन्हळही थेट टोकाला जाऊन भिडलीय. नव्या घडणीत ती अलीकडेच थांबते. छाटलेलीला काही संग्राहक कमी लेखतात. मला मात्र तीच प्यारी, तिच्या अंगावर दोन्ही कारागिरांचे हात दिसतात.

तेव्हा अण्णा आठवले. खुरपं लालभडक असतानाच मुठीकडच्या बाजूला आपला ठसा ठोकायचे, आणि आपण भात्याशी बसून बघायचो. तो ठसा आहे का रे अजून? नसला तर त्यांच्या हातचं एखादं खुरपं शोध. घासू नकोस. खुणेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरव आणि तो कागद मला पाठव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या