गुलाबी टी-शर्टांपेक्षा तपासणी हवी

ऑक्टोबर आला की वेंगुर्ल्यातही गुलाबी टी-शर्ट दिसू लागतात. स्तनाच्या कर्करोगाच्या जनजागृती फेरीला वर्गणी द्यावी का, यावरून आमच्या बचत गटात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, नुसती फोटोंची हौस! दुसऱ्यांचं म्हणणं, निदान बायका चारचौघींत बोलू तरी लागल्या. मला दुसरं पटतं, पण अर्धंच. पहाटेपासून मासळी विकायला बसणाऱ्या बाईपर्यंत ही फेरी पोचते कुठे? गाठ दुखत नाही, म्हणून ती अंगावर काढते.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये वीस वर्षं केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने नुसत्या हाताने तपासलं, तरी पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्या तपासणीला मॅमोग्राफीचं महागडं यंत्र लागलं नाही!

तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. ती मासळी बाजाराशेजारच्या एखाद्या खोलीत, पडदा लावून, लिलाव उरकल्यावर ठेवा. गाठ सापडलीच तर पुढच्या तपासण्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं एसटीचं भाडं वर्गणीतून द्या. त्यासाठी मी दुप्पट वर्गणी देईन.

– एक वाचक, वेंगुर्ले