अक्कांना जाहीर आभारपत्र

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या वार्षिक सभेत शाल-श्रीफळ देऊन आपला सत्कार करावा, असे कार्यकारिणीने एकमताने ठरवले होते. परंतु वळायच्या हजार विड्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत, असा निरोप पाठवून आपण आला नाहीत. म्हणून चिटणीस या नात्याने हे पत्र मी सर्व सभासदांच्या आणि आपल्या पूर्व भागातील रहिवाशांच्या समक्ष लिहीत आहे. आपली नात ते आपल्याला वाचून दाखवील आणि माझे मराठी जिथे फार पुस्तकी होईल तिथे तेलुगूत समजावून सांगेल.

आमचे मंडळ लहान आहे. शाळा उघडताना वह्यावाटप, उन्हाळ्यात पाणपोई, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवात आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत पाणीवाटप व प्रथमोपचार ही आमची नेहमीची कामे, आणि ती नीट पार पडतात. विडी कामगार भगिनींसाठी भरवलेले पहिले नेत्रतपासणी शिबिर मात्र फसले. खुर्च्या मांडल्या, तपासनीस वेळेवर आले, चष्म्यांच्या पेट्या उघडल्या गेल्या, आणि दुपारपर्यंत जेमतेम काही जणी येऊन गेल्या. ‘लोकांना आरोग्याची आस्था नाही’ असा शेरा त्या रात्री मी स्वतःच्या हाताने इतिवृत्तात लिहिला. तो शेरा चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पायरीवर बसून आपण आम्हांला शांतपणे समजावून सांगितलेत.

आम्ही निवडलेला दिवस त्या गल्ल्यांचा पाण्याचा दिवस होता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी पिंप, घागरी, हंडे भरून घेईपर्यंत घरातील बाई उंबरठा ओलांडू शकत नाही, हे शहरात जन्म काढलेल्या आम्हां कार्यकर्त्यांच्या ध्यानात येऊ नये, याचे मला आजही वाईट वाटते. शिवाय आम्ही ठेवलेली वेळ सकाळची, म्हणजे आदल्या दिवशीच्या विड्या ब्रँचवर, म्हणजे विडी कारखान्याच्या शाखेत, देऊन नवे पान आणि तंबाखू घेण्याची. राहिला आमचा फलक, तो सगळा मराठीत. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलली जाते, त्यांना तो वाचून दाखवायलाही आमच्यापैकी कोणी गेले नव्हते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापुरात जन्मले. १९३८ साली ते चीनला गेले आणि तेथील जखमींवर उपचार करता करता त्यांची भाषा शिकले. त्यांच्या गावचे कार्यकर्ते म्हणवून घेणाऱ्या आम्हांला दोन गल्ल्या ओलांडून चार तेलुगू शब्द बोलता येत नव्हते.

दुसऱ्या वर्षी आपण दिवस निवडलात, वेळ दुपारी तीननंतरची ठरवलीत आणि आठवडाभर संध्याकाळी घरोघरी जाऊन ‘कळ्ळद्दालु’, म्हणजे चष्मे, मिळणार आहेत, पैसे पडणार नाहीत, असे सांगत फिरलात. शिबिराच्या दिवशी रांग मंडळाच्या दारातून बोळाच्या तोंडापर्यंत गेली होती.

तरीही आपले सर्वांत मोठे उपकार गर्दी जमवण्याचे नाहीत. पहिल्या वर्षी ज्यांना चष्मे मिळाले होते, त्यांच्या घरी जाऊन आपण पाहिलेत, तर ते चष्मे कोनाड्यात पडून होते. चाळिशी लागली की जवळचे दिसेनासे होते, हे सर्वांचेच होते. पण विडीच्या कामात त्याचा फटका थेट मजुरीला बसतो. पान साच्याबरहुकूम कापले गेले नाही, दोऱ्याचा वेढा ढिला बसला किंवा तोंड नीट दुमडले गेले नाही, की मोजणीच्या वेळी त्या विड्या बाजूला काढल्या जातात आणि तेवढी मजुरी बुडते. असे असताना मिळालेला चष्मा कोणी उगाच का काढून ठेवील? याचे उत्तर आपण तपासनिसांसमोर स्वतःचे सूप आणून ठेवलेत तेव्हा मिळाले. भिजवलेली पाने, कात्री, तंबाखू, दोरा असा सगळा संसार त्या सुपात होता. ‘अक्षरे नका दाखवू, हिला विडी बांधू द्या,’ असे आपण तपासणीला बसलेल्या एका भगिनीविषयी म्हणालात. जवळच्या नजरेचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरवर धरलेला मजकूर वाचून घेऊन काढण्याची पद्धत आहे. सूप मांडीवर असते. जमिनीवर बसलेल्या बाईच्या डोळ्यांपासून तिची बोटे त्याहून लांब असतात, आणि अंतर वाढले की नंबर कमी लागतो. वाचनाच्या नंबराने ती भगिनी पोथी वाचू शकली असती, पण दोऱ्याचा वेढा तिला धूसर दिसत होता, आणि तो पाहण्यासाठी ती वाकत होती, मान आखडत होती. त्या दुपारी प्रत्येकीने नमुन्याची भिंगे लावून आपल्या सुपातील पाच-सहा विड्या बांधून पाहिल्या आणि ज्या भिंगांनी वेढा स्वच्छ दिसला, तोच नंबर लिहिला गेला. तपासनिसांनी निघताना आपल्याला वाकून नमस्कार केला, तो मी पाहिला आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांविषयीही लिहिलेच पाहिजे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात १९७६ सालापासून आहे आणि शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगत असू. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबण्याची आता गरज नसते, हेही सांगत असू. अडचण निराळीच होती. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालायचे, धूळ टाळायची, म्हणजे तंबाखूपासून दूर राहायचे. आणि तेवढे दिवस विड्या दिल्या नाहीत तर घर कशावर चालायचे? आपण शेजारणींना एकत्र बसवलेत आणि ज्या भगिनीची शस्त्रक्रिया असेल तिच्या वाटच्या विड्या इतरांनी पाळीपाळीने वळून द्यायच्या, असे ठरवून घेतलेत. कोणी शंभर, कोणी दोनशे. या योजनेला मंडळाचा एक रुपयाही लागला नाही. रुग्णालयात सोबतीला आपण स्वतः जात होतात, आणि थेंबांच्या वेळा चुकू नयेत म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलींवर ते काम सोपवले होतेत.

अक्का, इतिवृत्तातील तो शेरा कार्यकारिणीच्या संमतीने मी खोडला असून त्याखाली खोडण्याचे कारण लिहिले आहे. पुढील शिबिराचा दिवस व वेळ आपल्याला विचारूनच ठरेल आणि फलक मराठी व तेलुगू अशा दोन्ही भाषांत लागेल. तेलुगू मजकूर आपल्या नातीने लिहून द्यावा, ही विनंती.

दुसऱ्या शिबिरात सर्वांत शेवटी, दिवे लागल्यावर, आम्ही आग्रह केला म्हणून आपण तपासणीला बसला होतात. आपला चष्मा तयार होऊन आला आहे. तो मंडळाच्या कपाटात न ठेवता मी घरी ठेवला आहे. येत्या रविवारी, पाण्याचा दिवस नसेल तर, दुपारी तीननंतर तो घेऊन येतो. सूप समोर असू द्यावे, म्हणजे नंबर बरोबर आहे की नाही ते तिथेच कळेल.

आपला कृतज्ञ,
चिटणीस,
सेवा मंडळ, पूर्व भाग, सोलापूर