रस्ता बंद करून दिल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. परवाची आपल्या रस्त्यावरची पार्टी छान झाली आणि शेजारीपाजारी येता-जाता मला धन्यवाद देतायत. खरे मानकरी कोण ते सगळ्यांना कळावं, म्हणून हे जाहीर पत्र.

रस्ता बंद करायचा अर्ज मी काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या मोठ्या भागाच्या स्थानिक परिषदेकडे, पाठवला होता. रस्ता त्यांचा, म्हणजे परवानगीही त्यांचीच, असा माझा सरळ हिशोब. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: हे आमच्याकडे नाही. कुणाकडे आहे, तेवढं लिहायला तिसरी ओळ लागली असती! ते तुम्ही सांगितलंत. इंग्लंडमध्ये असे छोटे कार्यक्रम असले की डिस्ट्रिक्ट कौन्सिल, म्हणजे छोट्या भागाची परिषद, १८४७ च्या टाउन पोलीस क्लॉजेस ॲक्टच्या कलम २१ खाली रस्ता बंद करू शकते. मोठ्या कार्यक्रमांना १९८४ च्या रस्ते वाहतूक कायद्यातलं कलम १६ए. तिथेही मंत्र्यांच्या संमतीशिवाय आदेश ३ दिवसांपलीकडे जात नाही. आपल्याला तर सहा तास पुरे होते. त्या जुन्या कलमात मिरवणूक, आनंदोत्सव आणि रोषणाई असे शब्द आहेत हे तुम्ही वाचून दाखवलंत, तेव्हा घोडागाड्यांच्या काळातला तो कायदा मला एकदम आपल्यातलाच वाटला.

पण तुमचं खरं काम अर्जाच्या पुढचं. नकाशावर मी कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत अशी लाल रेघ मारून मोकळा झालो होतो. तुम्ही विचारलंत, "या रेघेच्या आत अडकणार कोण?" आणि सह्यांचा कागद घेऊन दारोदार निघालात. कोपऱ्यावरच्या आजोबांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. मला वाटलं, माणूस खडूस आहे. तुम्ही त्यांच्याकडे अर्धा तास बसलात, तेव्हा कळलं की आजींची केअरर (देखभाल करणारी बाई) रोज चारला गाडी घेऊन येते, आणि ती अडली तर काय, एवढीच त्यांची काळजी होती.

चारला ती आलीच. तुम्ही बॅरिकेड बाजूला केलंत आणि तिच्या गाडीपुढे पायी चालत, मुलांना कडेला करत, तिला दारापर्यंत सोडलंत. भर रस्त्यात हात दाखवून वाहनं थांबवायचा अधिकार स्वयंसेवकाला नाही, तो पोलिसांचा, हे तुम्ही आम्हाला आधीच दोनदा बजावलं होतं. तरी माझा हात एकदा वर गेलाच. तुमची नजर बघून खाली आला.

पार्टी एक ते पाच, पण अर्जात बारा ते सहा लिहा, हा सल्लाही तुमचाच. टेबलं आवरून रस्ता झाडेपर्यंत पावणेसहा झाले होते.

सह्यांचा कागद मी जपून ठेवलाय. आजोबांची सही सगळ्यात खाली, जरा तिरकी आहे.

तुमचा,
समोरच्या घरातला शेजारी