तुर्कस्तानातल्या गोरेमे गावच्या हॉटेलातल्या रिसेप्शनवाल्या दादांना

दादा,

तुम्हाला मराठी येत नाही माहितीये, पण फोनमध्ये टाकून वाचालच. इंग्रजीत लिहायला बसले की माझं सगळं थँक यू व्हेरी मचवर येऊन संपतं, आणि तेवढ्याने माझं भागणार नाहीये. घरी येऊन आता बरेच दिवस झाले तरी आईचा हॉट एअर बलूनच्या टोपलीतला फोटो बघितला की अजून घसा दाटून येतो, म्हणून शेवटी आज लिहूनच टाकते.

आधी आमच्या ट्रॅव्हल एजंटने काय दिलं होतं ते ऐका, म्हणजे तुमची किंमत कळेल. इस्तंबूलहून संध्याकाळच्या विमानाने कायसेरी, रात्री गोरेमेला मुक्काम, पहाटे बलून, दुपारी परत. म्हणजे तुमच्या त्या कॅपाडोशिया भागात मिळून एकच सकाळ, आणि वर कागदावर ठळक अक्षरात "बलून राइड गॅरंटीड"! वाऱ्याची गॅरंटी हा माणूस कुठून आणणार होता देव जाणे. आईच्या गुडघ्यांचं विचारलं तर म्हणे मॅडम सगळे सिनियर सिटिझन जातात, टेन्शन नका घेऊ. टोपलीला दार नसतं, कडेवरून पाय टाकून आत उतरावं लागतं, हे सांगायची तसदी त्याने घेतली नाही, आणि पैसे भरल्यावर तर फोन उचलायचंच बंद.

तुम्हाला मी मेल केला होता तो फक्त खोलीत हीटर आहे का एवढं विचारायला. एप्रिलमधली थंडी म्हणून. उत्तरात तुम्ही हीटर आहे हे एका ओळीत सांगितलंत आणि पुढे आमचा अख्खा प्लॅनच सरळ केलात. बलून पहिल्या सकाळी ठेवा, त्यापुढच्या सकाळी मोकळ्या सोडा, कारण उडायचं की नाही हे कंपनीच्या हातात नसतं, सिव्हिल एव्हिएशनवाले वारा बघून ठरवतात, हिरवा झेंडा मिळाला तर जायचं आणि लाल असेल तर एकही बलून उठत नाही. सूर्य वर आला की जमीन तापते, हवा वर उसळायला लागते, म्हणून हे सगळं पहाटेच. रस्त्यावर कोणी स्वस्तात तिकीट देतो म्हणाला तर घेऊ नका. आणि खाली, आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का, नसेल तरी आधी डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तरच बुक करतो. अहो, या मेलमधून तुम्हाला काय मिळणार होतं? आम्ही तर तेव्हा खोलीचे पैसेही भरले नव्हते.

डॉक्टर हो म्हणाले, आम्ही आलो, आणि पहिल्याच पहाटे लाल झेंडा. एजंटच्या प्लॅनने गेलो असतो तर आमचा खेळ तिथेच खलास होता.

पण मला खरं लिहायचंय ते त्या दिवशीच्या नाश्त्याबद्दल. आई चहाचा ग्लास हातात धरून गप्प बसली होती, मग हळूच मला म्हणाली की बरंच झालं कॅन्सल झालं, मला नसतं चढता आलं, उद्या तू एकटी जा. तुम्हाला शब्द कळले नसतील पण तोंड बघून कळलं असावं. तुम्ही हातातला ट्रे खाली ठेवलात, अंगणाच्या त्या दगडी भिंतीपाशी गेलात, छातीजवळ हात आडवा धरून "बास्केट, एवढी" असं दाखवलंत, आणि बूट घातलेला पाय भिंतीतल्या खाचेत टाकून स्वतःच वर चढलात. दोन्ही हात कडेवर, एक पाय पलीकडे, मग दुसरा. आजूबाजूचे सगळे खायचे थांबून बघायला लागले. तुम्ही मुद्दामच आधी चढलात ना? म्हणजे हसायचं तर सगळ्यांनी तुम्हाला हसावं, आईला नको. मग आईला बोलावलंत. हात पुढे केला पण ओढलं नाहीत, नुसता धरून ठेवलात, आणि ती मध्येच अडकली तेव्हा घाईही केली नाहीत. नंतर लँडिंगला कसं बसायचं तेही करून घेतलंत, गुडघे थोडे वाकवून, पाठ टेकून, आतल्या दोऱ्या घट्ट धरून. आई चक्क हसत होती.

दुसऱ्या पहाटे हिरवा झेंडा आला. बलूनवाल्या पोरांनी हात द्यायच्या आत आईचा पाय टोपलीच्या खाचेत गेला होता. वर गेल्यावर काय दिसतं ते तुम्ही आयुष्यभर बघताय, तुम्हाला काय सांगू, पण ते दगडाचे सुळके, लांब एर्जियस डोंगरावरचा बर्फ, आणि पायलट नुसती आग कमी-जास्त करून कधी दरीत पार खाली नेतोय तर कधी दुसरा वारा पकडायला वर. शेवटी त्याने टोपली थेट ट्रकमागच्या ट्रॉलीवर टेकवली तेव्हा दोऱ्या धरून नीट बसा असं आईच शेजारच्या बाईला मराठीत सांगत होती!

सर्व्हिस चांगली होती असं लिहून चार-पाच स्टार देता येतात, पण याला सर्व्हिस म्हणत नाहीत हो. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेणारे खूप भेटतात, काकू तुम्ही बसा इथेच, आम्ही येतो जाऊन, असं. ते प्रेमानेच म्हणतात, पण माणूस बसून राहतो तो राहतोच. तिला जमेल असं धरून चालणारे तुम्ही एकटे भेटलात, पोटची मुलगी मी, मीसुद्धा मनातून धास्तावलेच होते. साधी माणुसकी म्हणतात ती हीच असेल तर ती फार कमी जणांकडे असते, आणि ज्यांच्याकडे असते ते बहुतेक ट्रे उचलत असतात, गॅरंटीवाले केबिनमध्ये बसतात.

असो. एजंटला मी रिफंडसाठी मेल केलाय, उत्तर येईल तेव्हा येईल. तुमचा नंबर मामा-मामींना दिलाय, ते ऑक्टोबरमध्ये येताहेत, आणि त्यांना मी आधीच बजावलंय की निदान तीन सकाळी हातात ठेवा. मामी उंचीला आईपेक्षाही कमी आहे आणि घाबरट आहे, तेव्हा ती भिंत मोकळी ठेवा.

तुमची,
खोलीच्या हीटरबद्दल विचारणारी