पिंक फ्लॉइडवरचा लेख आणि राहून गेलेली नावं

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमवर आलेला लेख वाचला, छान होता, गोव्यातल्या मराठी पेपरात रॉकवर एवढं छापून येतं हेच खूप. पण सगळं श्रेय बँडमधल्या चौघांनाच देऊन टाकलंय ते काही पटलं नाही.

हा अल्बम लंडनच्या अ‍ॅबी रोडवर ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाला, १९७२ च्या उन्हाळ्यात सुरू होऊन १९७३ च्या सुरुवातीला संपला. तेव्हा कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही. त्यातल्या 'मनी' गाण्याच्या सुरुवातीला जो खणखणाट येतो ना, त्यासाठी भांड्यात नाणी टाकली, कागद फाडले, कॅश रजिस्टर वाजवलं, हे सगळं टेपवर घेतलं, मग पट्टीने मोजून टेपचे सारखे तुकडे कापले आणि चिकटवून त्याचं रिंगण केलं, ते फिरत राहिलं की सात मात्रांचा ठेका तयार. आपल्या भजनी मंडळातल्या कुणालाही ऐकवा, मात्रा मोजून रूपक तालच म्हणेल. 'टाइम'मधली घड्याळं तर इंजिनीअर अ‍ॅलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केलेली, तीही दुसऱ्याच कामासाठी, क्वाड्रोफोनिक, म्हणजे चार स्पीकरांवरच्या साउंडचा नमुना म्हणून. आणि लेखात पार्सन्सचं नाव एकदाही नाही! मिक्सिंगला बसलेला ख्रिस थॉमसही नाही.

सगळ्यात जास्त खटकलं ते गायिका क्लेअर टोरीचं. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये तिला गायला शब्दच नाहीत, नुसता आवाज. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी तिला बोलावलं, हातात ना चाल ना शब्द, तिने उत्स्फूर्तपणे काही टेक दिले आणि ३० पौंड घेऊन घरी गेली. अल्बमवर गायिका म्हणून नाव होतं, मान्य, पण तिथल्या तिथे जे रचलं त्याचं काय? २००४ मध्ये कोर्टात गेली, पुढच्या वर्षी समझोता झाला, तेव्हा कुठे बँडमधल्या रिचर्ड राइटच्या जोडीला रचनेत तिचंही नाव लागलं.

आपल्या गोंयकारांना हे नवीन थोडंच आहे? शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं अरेंजिंग, म्हणजे वाद्यमेळाची रचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, गाणी सगळ्यांच्या तोंडात पण यांची नावं विचारा बघू कुणाला.

आता चवथीच्या तोंडावर आरत्यांचे, भजनांचे अल्बम निघतील, तुमच्याकडे बातम्याही येतील, प्रकाशन करणाऱ्या पाहुण्यांचा फोटो, खाली गायकाचं नाव, आणि पखवाज कोणी वाजवला, हार्मोनियमवर कोण होतं, रेकॉर्डिंग कोणी केलं याची एक ओळ नसते. ती ओळ तेवढी छापत चला. जागा नाही म्हणाल तर व्यासपीठावरच्या पाहुण्यांतली दोन नावं गाळा, कुणाचं काही अडणार नाही.

– एक वाचक, फोंडा